भोकाला टिकली

आयटीआयच्या पुस्तकात त्याला 'होल' म्हणत. कारखान्यात मात्र भोकच. पहिल्या दिवशी मी तोंडातल्या तोंडात 'होल' म्हटलं, तेव्हा पत्रा कापणारे दोघं कात्री थांबवून माझ्याकडे बघत राहिले. आपल्यात ही कोण शिष्ट बाई आली, असं त्यांना वाटलं असणार. आठवडाभरात मीही भोकच म्हणायला लागले आणि मग कुणी मान वर केली नाही.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत, शेवटच्या गल्लीत तो कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड, वाकवायचं एक मशीन, भोकं पाडायची दोन मशीनं आणि रंगाची खोली. आम्ही डबे बनवायचो. शेतातल्या विहिरीवर मोटर चालू-बंद करायला जो स्टार्टर असतो ना, तो ज्या पत्र्याच्या डब्यात बसतो, तो डबा. केळीवाल्यांच्या, कापूसवाल्यांच्या मळ्यात विहिरीशेजारच्या खोलीत भिंतीवर असले कितीतरी डबे तुम्ही पाहिले असतील. नसतील पाहिले तर काही बिघडत नाही, डब्याकडे कुणी बघत नाही. मोटर चालली की झालं.

कारखान्याचे मालक म्हणजे आबा. स्वतः पत्र्याचे कारागीर, हातातोंडाची गाठ घालत मालक झालेले. त्यांनी त्या वर्षी कॉम्प्युटर आणला होता. त्याच्यासाठी रंगाच्या खोलीशेजारी एक कोंदट खोली केली, खिडकीत कूलर बसवला, बाहेर चपला काढायचा नियम केला, आणि पडद्याला कुंकू लावून नारळ फोडला. नारळाचं पाणी कीबोर्डवर उडालं, म्हणून 'के' हे बटण कायम चिकट राहिलं. हा कॉम्प्युटर चालवायला म्हणून मला घेतलं होतं. मी ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेली, वर चार महिने कॅडचा क्लास केलेली, भडगावकडच्या खेड्यातली मुलगी. जळगावात मामाकडे राहायचे.

नोकरी पक्की नव्हती. कॉम्प्युटरही तसा पक्का नव्हता. आबांनी तो धुळ्याच्या एका मोठ्या ऑर्डरच्या भरवशावर घेतला होता, कारण तिथल्या स्टार्टर कंपनीच्या साहेबांनी बजावलं होतं की यापुढे ड्रॉइंग कॉम्प्युटरवरचंच पाहिजे. ऑर्डर आली तर कॉम्प्युटर राहणार, आणि तो राहिला तर मी. गावी माझ्या वडिलांना, नानांना, हे सगळं कळत होतं. मला एसटीत बसवताना ते म्हणाले होते, "दिवाळी लगून ऱ्हाय. नोकरी पक्की व्हयनी तं ठीक, नही तं घर ये." घरी ये म्हणजे नुसतं घरी ये असं नव्हे. घरी एक स्थळ मला न विचारता बोलून ठेवलेलं होतं. मला तेव्हा लग्नाचा राग नव्हता, न विचारण्याचा होता. पण नानांसमोर बोलायची आमच्यात कुणाची टाप नव्हती, म्हणून तो राग मी जळगावला सोबत घेऊन आले.

आता त्या डब्याविषयी. आबांची एक रीत होती. नवीन गिऱ्हाईक आलं की ते नवीन ड्रॉइंग करत नसत. जुनंच काढायचं आणि त्यात भोक वाढवायचं. कुणाला वायर डाव्या अंगाने पाहिजे, तिथे एक भोक. कुणाला दिवा पाहिजे, दाराला एक भोक. कुणाची भिंत वाकडी, त्याला खिळ्याची जागा बदलून पाहिजे, मागे आणखी दोन. अशी वर्षानुवर्षं भोकं साठत गेली आणि डबा सगळ्यांचा झाला. ज्याला जे भोक लागेल ते त्याने वापरावं, बाकीची सोडून द्यावीत. आबांच्या मते यात गिऱ्हाइकाची सोय होती. वापरलेल्या ड्रॉइंगचा कागद इतक्या वेळा खोडून परत काढलेला होता की उजेडात धरला तर आरपार दिसायचा. मी तो कॉम्प्युटरवर चढवला तेव्हा सगळी भोकं इमानेइतबारे चढवली. पडद्यावर तो डबा पाहून मला हसू आलं. चाळणीला दार लावावं तसा तो दिसत होता.

धुळ्याच्या साहेबांना मात्र हसू आलं नव्हतं. आमचे थोडे डबे ते आधीपासून घेत, आणि रावेर-यावलकडचे शेतकरी त्यांच्याकडे रोज तक्रारी घेऊन यायचे. रिकाम्या भोकांतून पाल आत शिरायची, स्टार्टरच्या उबेला बसायची, आणि कधीतरी नको तिथे पाय ठेवायची. पाल भाजायची, स्टार्टर जळायचा, मोटर बंद. ऐन उन्हाळ्यात केळीला पाणी नाही म्हणजे शेतकरी काय काय बोलत असेल याची कल्पना करा. साहेबांनी निरोप पाठवला : वायरीची दोन आणि भिंतीला टांगायची चार, एवढीच भोकं ठेवा, बाकी एकही दिसता कामा नये. पुढच्या आठवड्यात ड्रॉइंग घेऊन या. नाहीतर ऑर्डर दुसरीकडे जाईल.

दुपारी जेवणं झाल्यावर आबा चपला काढून माझ्या खोलीत आले, लोखंडी खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. मी एकेका भोकावर माउसचं चिन्ह नेऊन ठेवायचे आणि ते सांगायचे, हे कुणाचं. हे चोपड्याच्या दुकानदाराचं. हे एका मास्तरांचं, मास्तर शाळा सुटल्यावर मळ्यात जायचे, त्यांना अंधारात बटण सापडायचं नाही म्हणून दाराला दिवा. वरच्या कोपऱ्यातलं बारीक भोक एका म्हाताऱ्याचं, त्याला डब्याला पिशवी अडकवायला हूक पाहिजे होता. "भाकरनी पिशवी," आबा म्हणाले. "मुंग्या लागेत ना." म्हातारा वारला होता, त्याच्या मुलाने मळा विकला होता, आणि त्याच्या भाकरीच्या पिशवीचं भोक अजून आम्ही प्रत्येक डब्याला पाडत होतो.

मी म्हटलं, "आबा, मग पुसू का?"

"पुसू नको!" ते एकदम ताठ झाले. "पत्रानं भोक कधी पुसाई जास का?"

इथे आबांची कारागिरी सांगायला पाहिजे. पत्र्याला चुकून नको तिथे भोक पडलं तर आमच्याकडे पत्रा फेकत नसत. भंगारातून भोकाच्या मापाची गोल टिकली कापायची, भोकात बसवायची, गॅसने कडेकडेने डाग द्यायचा, ग्राइंडरने घासायचं, लांबी म्हणजे पुट्टी भरायची, वर रंग. आबांनी मारलेली टिकली रंगानंतर सापडत नसे. बोट फिरवलं तरी कळत नसे. साऱ्या वसाहतीतून लोक बिघडलेले पत्रे घेऊन त्यांच्याकडे यायचे. भोक नाहीसं होत नाही, ते बुजवायचं असतं, हे त्यांना आयुष्यभराच्या कामाने शिकवलं होतं. शिवाय टिकली मारलेली असली की उद्या ते गिऱ्हाईक परत आलं तर ठोकून टिकली काढता येते. पुसलेलं भोक कुठून आणणार?

"टिकली मार," ते म्हणाले.

"आबा, कॉम्प्युटरवर टिकली नसते."

"नसते म्हंजे? येवढा पैसा टाकी आनं नि टिकली नही?"

मी तशी तोंडाची फटकळ, पण पगार देणाऱ्या माणसाशी किती वाद घालणार? आणि खरं सांगायचं तर टिकली होती. कॅडमध्ये 'डोनट' नावाची एक आज्ञा होती. डोनट हा खायचा पदार्थ आहे हे मला कितीतरी वर्षांनी कळलं; तेव्हा मी त्याला मनातल्या मनात मेदूवडा म्हणायचे. आतलं भोक किती आणि बाहेरचं माप किती ते सांगितलं की जाड कडं उमटायचं. आतलं भोक शून्य सांगितलं तर भरीव टिकली. पडदा काळा होता. मी पडद्यात मिसळेल असा काळपट रंग निवडला, भोकापेक्षा केसभर मोठी टिकली घेतली आणि मास्तरांच्या दिव्यावर ठेवली. भोक दिसेनासं झालं.

आबा खुर्चीतून अर्धे उठले. "दख! गयं ना?"

मग आम्हाला दोघांनाही चेव चढला. आबा भोक दाखवायचे, मी टिकली मारायची, आबा मान डोलवायचे. संध्याकाळपर्यंत डबा स्वच्छ. मला थोडीशी शंका येत होती, नाही असं नाही, पण पडद्यावर तो डबा इतका देखणा दिसत होता की मी ती शंका गिळून टाकली. आमच्याकडे कागदावर काढायचं मशीन नव्हतं. ड्रॉइंग फ्लॉपीत घालायचं आणि धुळ्याला साहेबांच्या प्लॉटरवर कागद काढायचा, असं ठरलेलं होतं. त्यामुळे कागदावर काय होणार हे आम्ही धुळ्यालाच बघणार होतो.

आबा आणि मी एसटीने निघालो. फ्लॉपी आबांनी रुमालात गुंडाळून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली होती आणि एरंडोल, पारोळा, प्रत्येक थांब्यावर ते खिसा चाचपत होते. फ्लॉपीला ऊन लागू नये म्हणून त्यांनी मला खिडकीत बसवलं आणि स्वतः आत बसले.

साहेब उंच, कमी बोलणारे, इस्त्रीच्या शर्टातले. त्यांनी फ्लॉपी घातली, पडद्यावर डबा पाहिला, "छान" म्हणाले आणि प्लॉटर सुरू केला. पेन सरसर धावायला लागलं. बाहेरची चौकट झाली, दार झालं, बिजागऱ्या झाल्या. मग पेन एका जागी थांबलं आणि घासायला लागलं. पुढे मागे, पुढे मागे. बराच वेळ घासून तिथे एक काळाकुट्ट ठिपका तयार झाला. मग पेन उचललं आणि दुसऱ्या जागी जाऊन घासायला लागलं. पडद्यावर लपलेली प्रत्येक टिकली कागदावर शाईने भरून निघत होती. एके ठिकाणी कागद शाईने भिजून फाटला. सगळ्या डब्याला देवी आल्या होत्या. आबा कागदाकडे बघत होते आणि त्यांना काय झालंय हेच कळत नव्हतं.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

मी सांगितलं. टिकली, डोनट, काळा रंग, सगळं. सांगताना माझ्याच कानांना ते वेडगळ वाटत होतं.

साहेब रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कागद गुंडाळून बाजूला ठेवला आणि आबांना समजावणीच्या सुरात म्हणाले, "आबा, डबे तुम्ही उत्तम बनवता. ऑर्डर तुमचीच. ड्रॉइंग आमचा माणूस करून देईल. तुम्ही हा कॉम्प्युटरचा आणि या मुलीचा खर्च कशाला अंगावर घेता? दोन्ही परत करा आणि निवांत राहा."

मला 'दोन्ही परत करा' हे शब्द अजून ऐकू येतात. कॉम्प्युटर दुकानदाराला परत, आणि मी नानांना. आणि साहेब चुकीचं बोलत होते असंही नव्हतं. आबांना ऑर्डर मिळत होती, खर्च वाचत होता. त्यांनी नुसतं 'बरं' म्हणायचं होतं. मी त्यांच्या जागी असते तर म्हटलं असतं.

आबा साहेबांशी एरवी जपून, पुस्तकी मराठीत बोलायचे. त्या दिवशी ते विसरले. "साहेब, टिकली माराले मी सांगं," ते म्हणाले. "पोर सांगी ऱ्हायनी व्हती का पुसता येस. मीच ऐकं नही. पोरनं काय चुकनं?" साहेब काही बोलणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "पोर नही, तं डबा बी नही."

एवढं बोलून ते घाबरले. ते मला त्यांच्या हाताकडे बघून कळलं, टोपी काढून ते तिची घडी घालत होते आणि उलगडत होते. पण त्यांनी शब्द मागे घेतला नाही. माझे डोळे भरून आले आणि त्याचा मला रागही आला, कारण त्या वेळी मला पडदा स्वच्छ दिसायला हवा होता. साहेबांनी स्वतःची खुर्ची मागे सरकवली आणि मला म्हणाले, "बसा. पुसून दाखवा."

मी बसले. मास्तरांच्या दिव्यावरच्या टिकलीवर चिन्ह नेलं, 'इरेझ' टाइप केलं. टिकली गेली आणि खालून भोक वर आलं.

"परत उनं!" आबा मागून ओरडले.

"थांबा हो, आबा," मी म्हटलं, आणि ते भोक धरून पुन्हा 'इरेझ' दिलं. तिथे काही राहिलं नाही. आबा पुढे आले, चष्मा कपाळावर सरकवला आणि त्या जागी बोट टेकवलं. बोट काचेवर हळूहळू फिरवलं, रंगवलेल्या डब्यावर फिरवायचे तसं. आयुष्यभर भोकं बुजवणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच असा पत्रा दिसत होता ज्याला भोक कधी पडलंच नव्हतं. "आठे व्हतं," ते पुटपुटले, "हाई पत्राले बी म्हाईत नही."

मग मी थांबले नाही. चोपडा गेलं, मास्तर गेले, पिशवीचा म्हातारा गेला. आबा प्रत्येक वेळी हळूच "चला" म्हणायचे. मला वाटतं ते त्या त्या माणसाला निरोप देत होते, आणि मला त्यांची घाई करावीशी वाटली नाही. डब्याचं काम झाल्यावर मी ड्रॉइंगच्या दुसऱ्या भागाकडे गेले. डबा वाकवायच्या आधी पत्रा सपाट असतो, त्या सपाट पत्र्याचं वेगळं चित्र शेजारी काढलेलं असतं, आणि मशीनवाला भोकं पाडतो ती त्या चित्रावरून. डब्यातून भोक काढलं आणि तिथून काढायला विसरलं तर कागदावर शहाणपण आणि पत्र्यात पुन्हा चाळणी. मी तिथलीही सगळी काढली, त्यांची मापंही काढली.

साहेब मागे उभे होते. "सपाट पत्र्यातली काढायला मी सांगितलं नव्हतं," ते म्हणाले.

"पाल विचारून थोडीच शिरते," मी म्हटलं. तोंडातून गेलं आणि मी जीभ चावली. साहेब हसले. त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं.

दुसरा कागद स्वच्छ निघाला. खाली उजव्या कोपऱ्यात चौकट असते, कंपनीचं नाव, डब्याचं नाव आणि 'ड्रॉन बाय', म्हणजे काढणाऱ्याचं नाव. आमच्या ड्रॉइंगवर तिथे नेहमी आबांचं नाव असायचं, कारण कारखाना त्यांचा. साहेब सहीला पेन काढत होते तेव्हा आबा म्हणाले, "साहेब, नाव बदलायचं राहिलं." आता ते पुन्हा पुस्तकी मराठीत आले होते. मला वाटलं, काही चुकलं असेल. त्यांनी माझं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, आणि मी ते माझ्याच हातांनी टाइप केलं. कागद तिसऱ्यांदा काढावा लागला.

परतीच्या एसटीत मी आबांना म्हटलं, "ऑर्डर गेली असती तर?" ते म्हणाले, "गयी नही ना?" आणि झोपले. पारोळ्याला जागे होऊन त्यांनी दोघांसाठी भजी घेतली. पुढे त्यांच्याकडे मी कितीतरी वर्षं काम केलं, मग स्वतःची खोली घेऊन स्वतःचा कॉम्प्युटर मांडला. आता पडद्यावर डबा घडी घालून फिरवून दाखवता येतो, भोकावर नुसतं टिचकी मारून 'नको' म्हटलं की ते सपाट पत्र्यातूनही आपसूक जातं. पोरं मला विचारतात, पूर्वी कसं करायचा? मी सांगते. टिकलीचं ऐकून ती लोळून हसतात, हसू देत. आबा आता नाहीत. 'पोर नही, तं डबा बी नही' हे एकच वाक्य ते माझ्यासाठी बोलले असते आणि पुढे काही केलं नसतं, तरी मी त्यांची आयुष्यभर ऋणी राहिले असते.

दिवाळीला मी तो कागद गुंडाळी करून गावी नेला. नोकरी पक्की झाल्याचं आईने आधीच ऐकलं होतं. संध्याकाळी नाना कापसाच्या गंजीशेजारी खाटेवर बसले होते, मी कागद त्यांच्यापुढे उलगडला आणि चारी कोपऱ्यांवर काहीबाही ठेवलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी रेघांवरून बोट फिरवलं, दार ओळखलं, बिजागरी ओळखली.

"यामा तू कोठे शे?" त्यांनी विचारलं.

मी कोपऱ्यातल्या चौकटीवर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर वाचलं. माझं नाव, मग त्यांचं, मग आडनाव. त्यांनी त्यांच्या नावाशी बोट थांबवलं. मग माझ्या नावाशी नेलं. मला वाटलं, आता स्थळाचं काढतील. मी मनात उत्तर जुळवत होते, आणि या वेळी देणारही होते.

नानांनी कागदाची गुंडाळी केली, नीट, कडा जुळवून, आणि माझ्या हातात दिली.

"मंग," ते म्हणाले, "जळगावनी गाडी सकाळनी धरशी का दुपारनी?"